ऐंशीच्या पुढची थरथर

“शहरात गाडीला काही म्हणजे काही होत नाही. हायवेला लागून काटा ऐंशीच्या वर गेला की स्टिअरिंग थरथरायला लागतं. नव्वदला सगळ्यात जास्त. आणि गंमत म्हणजे एकशेदहाच्या पुढे नेली की पुन्हा शांत! हा प्रकार काय आहे?”

हा प्रश्न पूर्वी मुख्यतः मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जा-ये करणाऱ्यांचा होता. जिल्ह्याच्या रस्त्यावर गाडी ऐंशीला पोचायच्या आत ट्रॅक्टर आडवा येतो, नाहीतर गतिरोधक, आणि दोष झाकलेला राहतो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा अख्खा रस्ता. सपाट भागात कारला १२० ची मुभा. वर्षानुवर्षे गावात आणि तालुक्याला फिरलेली गाडी आयुष्यात पहिल्यांदाच तासभर एका वेगाने पळते आणि चाकातलं जुनं दुखणं तेव्हा वर येतं.

यावर टायरवाल्याचं ठरलेलं उत्तर असतं: “साहेब, अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून टाका.” कधी त्याने काम होतं, कधी होत नाही. झालं नाही की मग लोअर आर्म, टाय रॉड, शॉकअप असे एकेक सुटे भाग बदलत बिल चढत जातं. वास्तविक थरथर कधी येते, कधी जाते आणि कुठे जाणवते एवढं नीट पाहिलं तर दोष कुठल्या भागात आहे हे बहुतेक वेळा गॅरेजच्या दारात शिरण्याआधीच समजतं.

१. चाक सेकंदाला किती फेरे घेतं?

सुरुवात एका साध्या हिशेबाने करू. टायरच्या बाजूवर १८५/६५ आर १५ असं काहीतरी छापलेलं असतं. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, सुमारे १२० मिलिमीटर. १५ हा रिमचा व्यास, इंचांत. म्हणजे ३८१ मिलिमीटर. रिमच्या वर एकदा आणि खाली एकदा टायरची भिंत धरली तर चाकाचा एकूण व्यास होतो सुमारे ६२० मिलिमीटर आणि परीघ जवळजवळ १.९५ मीटर. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी तेवढी पुढे जाते.

ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. त्याला १.९५ ने भागा. चाक सेकंदाला चौदा फेरे घेतं. चाकात एका जागी काही खोट असेल तर तिचा धक्का सेकंदाला चौदा वेळा स्टिअरिंगपर्यंत पोचणार. हाताला जाणवते ती थरथर हीच: वेगळे मोजता येणार नाहीत इतके जलद, पण एकसलग गुणगुण वाटावी इतकेही जलद नाहीत असे धक्के. हा चौदाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

२. तीस ग्रॅम म्हणजे किती?

टायर साच्यातून निघतो तेव्हा तो सगळीकडे अगदी सारख्या वजनाचा नसतो. रिमही नसते. शिवाय व्हॉल्व्हचं वजन एकाच बाजूला पडतं. हा फरक मिटवण्यासाठी हलक्या बाजूला छोटी वजनं लावतात, यालाच बॅलन्सिंग म्हणतात. यातलं तीस ग्रॅमचं एक वजन पडलं असं समजा. तीस ग्रॅमने एवढ्या मोठ्या गाडीला काय होणार, असं कुणालाही वाटेल.

पण ते वजन फिरत असतं आणि फिरणारी वस्तू बाहेरच्या दिशेने ओढ लावते. रिमच्या कडेला, म्हणजे केंद्रापासून १९ सेंटिमीटरवर, तीस ग्रॅमचा फरक असेल तर ताशी १०० किलोमीटरला त्याची ओढ साडेचार किलो वजनाइतकी होते. ती ओढ चाकाबरोबर फिरते: कधी वर, कधी पुढे, कधी खाली, कधी मागे. सेकंदाला चौदा वेळा.

आता वेग निम्मा करा. ओढ निम्मी होईल असं वाटतं, पण ती वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने बदलते. निम्म्या वेगाला पाव. म्हणजे ताशी ५० ला जेमतेम सव्वा किलो. रबरी बुश आणि स्प्रिंग एवढा धक्का सहज गिळून टाकतात. शहरात काही जाणवत नाही ते यामुळेच. १२० ला मात्र तीच ओढ साडेसहा किलोच्या पुढे जाते.

३. मग पुढे शांत का होतं?

वेग वाढला की ओढ वाढते, मग एकशेदहाच्या पुढे थरथर कमी कशी होते? इथे वॉशिंग मशीन आठवा. ओली चादर ड्रममध्ये एका बाजूला गोळा झाली आणि मशीन पिळायला लागलं की सुरुवातीला काही होत नाही. वेग वाढता वाढता एका टप्प्यावर मशीन असं हादरतं की जागचं सरकतं. तो टप्पा ओलांडला की भर वेगात ते बऱ्यापैकी स्थिर होतं. थांबताना वेग उतरायला लागला की त्याच टप्प्यावर पुन्हा हादरा. चादर तर सगळा वेळ एकाच बाजूला होती.

ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो आणि स्प्रिंगवरच्या प्रत्येक वस्तूला हलण्याची स्वतःची एक लय असते. बाहेरून येणारे धक्के त्या लयीशी जुळले की हालचाल फुगत जाते. यालाच अनुनाद म्हणतात. धक्के त्या लयीच्या फार पुढे गेले की वस्तू त्यांना साथ देईनाशी होते.

गाडीचं पुढचं चाक असंच टांगलेलं आहे. खाली टायरची हवा, वर स्प्रिंग, मध्ये चाक, हब, ब्रेक आणि त्यांना धरून ठेवणारे रबरी बुश लावलेले आर्म. या जुळणीची स्वतःची लय साधारणपणे सेकंदाला दहा ते पंधराच्या आसपास असते. आता आपला १.९५ मीटरचा परीघ घ्या. चाक सेकंदाला दहा फेरे घेतं ताशी ७० ला आणि पंधरा फेरे ताशी १०५ ला. ज्या पट्ट्यात लोक थरथरीची तक्रार करतात तो पट्टा हाच. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वजनांच्या गाड्यांचे मालक साधारण तेच आकडे सांगतात, यात नवल काही नाही.

“मी सरळ एकशेवीसने जातो, काही त्रास नाही,” असं म्हणणाऱ्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की त्या वेगाला ओढ सगळ्यात जास्त असते. हाताला समजत नसली तरी बेअरिंग आणि शॉकअप ती सोसतच असतात.

४. रस्त्यावरच करायच्या चार तपासण्या

रिकामा, सरळ रस्ता बघा आणि शक्यतो शेजारी कुणीतरी बसवा. काट्यावरचे आकडे त्याने वाचायचे, चालवणाऱ्याने नाही.

पहिली तपासणी रस्त्याची. सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यावर साधारण साडेचार मीटरवर एक सांधा असतो. शंभरच्या वेगाला असे सहा सांधे दर सेकंदाला चाकाखालून जातात आणि “धड्-धड्” असा ठेका गाडीभर घुमतो. काहीजण त्यालाच दोष समजून गॅरेज गाठतात. डांबरी पट्ट्यावर ठेका थांबत असेल तर गाडीचं काही बिघडलेलं नाही.

दुसरी जागेची. थरथर स्टिअरिंगला असेल तर संशय पुढच्या चाकांवर. स्टिअरिंग शांत पण बसायची सीट, पायाखालची फरशी थरथरत असेल तर मागची चाकं बघायची. हा नियम पोलादी नाही, पण बऱ्याचदा खरा ठरतो. त्याची खात्री करायला फुकटातला उपाय आहे: पुढची दोन्ही चाकं मागे टाका, मागची पुढे. थरथर स्टिअरिंगवरून सीटवर गेली तर दोष त्या दोन चाकांतच आहे. आर्म, टाय रॉड, शॉकअप सगळे जागेवरच होते, त्यामुळे तूर्त ते सुटले. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर चाक त्याच बाजूला ठेवायचं, डावं डावीकडे, उजवं उजवीकडे.)

तिसरी तपासणी इंजिनाची. थरथर ज्या वेगाला येते तो वेग धरून ठेवा आणि पाचव्याचा चौथा गिअर टाका. गाडीचा वेग तोच, चाकांचे फेरे तेच, पण इंजिन जास्त वेगाने फिरू लागलं. थरथरीत काहीच फरक पडला नाही तर इंजिन निर्दोष. फरक पडला, थरथर गेली किंवा तिचा पोत बदलला, तर इंजिनाचे माउंटिंग बघायला सांगा. टायरच्या दुकानात पैसे घालवू नका.

चौथी पायांची. त्याच वेगाला ॲक्सिलरेटर सोडा. मग हलकाच ब्रेक लावा. थरथर फक्त ब्रेकला येते, फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर येते, की पाय कुठेही असला तरी कायम असते? या तीन उत्तरांतून तीन वेगवेगळ्या वाटा निघतात.

कायम असणारी थरथर सगळ्यात जास्त आढळते, म्हणून आधी तिच्याकडे वळू.

५. बॅलन्सिंगच्या मशीनसमोर

दुकानात जाण्याआधी चाकाच्या आतल्या बाजूला वाकून बघा. ॲलॉय रिमला वजनं आतून चिकटवतात. कडेने सगळी काळी धूळ आणि मध्येच बोटभर लांबीचा एक स्वच्छ चौकोन दिसला, की तिथलं वजन पडलेलं आहे. रिमची जागा पुसल्याशिवाय पट्टी चिकटवली, की ती पहिल्याच पावसात किंवा धुण्याच्या प्रेशरने निघून जाते. पत्र्याच्या रिमवर वजन कडेला ठोकून बसवतात, ते जास्त टिकतं. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते: शेताच्या वाटेवरची किंवा बांधकामाजवळची ओली माती रिमच्या आत जाऊन वाळते. मूठभर चिखल तीस ग्रॅमपेक्षा कितीतरी जड. आधी चाकं आतून धुऊन बघा, कधीकधी दुरुस्ती तेवढीच असते.

मशीनवर चाक चढवलं की पडद्यावर दोन आकडे येतात, आतल्या कडेचा आणि बाहेरच्या कडेचा. दोन का? चाकाला रुंदी आहे. एका बाजूची आतली कड जड आणि बरोबर समोरच्या बाजूची बाहेरची कड तेवढीच जड असेल, तर थांबलेल्या चाकाचा तोल अगदी बरोबर वाटेल. फिरायला लागलं की मात्र ते डावी-उजवीकडे डुलतं, आणि पुढच्या चाकाचं डुलणं सरळ टाय रॉडवाटे स्टिअरिंगमध्ये जातं. म्हणून दोन्ही आकडे शून्यावर यायला हवेत. एकाच कडेला वजन लावून भागवणारा कारागीर अर्धंच काम करतो.

मशीनला रिमची तीन मापं द्यावी लागतात: मशीनपासूनचं अंतर, रुंदी आणि व्यास. घाईत मागच्या गिऱ्हाइकाच्या गाडीची मापं तशीच राहिली तर पडद्यावरचं शून्य फसवं असतं. चाक मशीनच्या कोनवर तिरकं बसलं तरी तेच. यावर एक खात्रीची युक्ती आहे. शून्य आल्यावर कारागिराला विनंती करा: “दादा, चाक सोडून अर्धा फेरा फिरवा, परत आवळा आणि एकदा फिरवून दाखवा.” पुन्हा शून्य किंवा पाच ग्रॅम आले तर काम चोख. वीस-पंचवीस ग्रॅम दिसले तर चाक पहिल्यांदाच नीट बसलं नव्हतं. चांगला कारागीर यावर रागावत नाही.

एका चाकाला शंभर ग्रॅमच्या आसपास वजन लागायला लागलं तर वजनं लावत बसू नये. टायर रिमवरून उतरवून अर्धा फेरा फिरवून बसवला की टायरची जड बाजू रिमच्या हलक्या बाजूला येऊ शकते आणि आकडा एकदम खाली येतो. अनेक नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो, तो टायरची हलकी बाजू दाखवतो; तो व्हॉल्व्हजवळ ठेवायचा असतो.

पंक्चरपासून बचाव म्हणून टायरमध्ये जेल भरलं असेल तर तेही कारागिराला सांगा. गाडी उभी असताना ते तळाला जमतं आणि मग मशीन दर वेळी वेगळाच आकडा दाखवत राहतं.

६. अलाइनमेंटचा संबंध किती?

थेट संबंध जवळजवळ नाही. अलाइनमेंट म्हणजे चाकं कोणत्या कोनात उभी आहेत ते. ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग तिरकं ठेवावं लागतं, टायरची एकच कड झिजते. चाक तिरकं असलं तरी ते गोल आणि समतोल असेल तर सेकंदाला चौदा धक्के देणार नाही. फार दिवस तिरकं चालून टायर उंचसखल झिजला तर थरथर येते, पण तेव्हा दोष टायरमध्ये आलेला असतो आणि अलाइनमेंट करून झिजलेलं रबर परत येत नाही. दोन्ही कामं एकाच दुकानात, एकाच दरपत्रकावर आणि एकाच दमात बोलली जातात, म्हणून हा गोंधळ.

७. बॅलन्सिंग झालं, थरथर तशीच

इथे बहुतेक मालक वैतागतात. वजनाचा तोल बरोबर असला तरी चाक गोल असेलच असं नाही. बॅलन्सिंगचं मशीन चाक हवेत फिरवतं. गाडीचं ओझं घेऊन रस्त्यावर दाबलेलं चाक कसं वागतं हे साध्या मशीनला दिसत नाही.

घरी तपासायचं तर सपाट जागेवर हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा आणि पुढचं एक चाक जॅकवर उचला. गिअर न्यूट्रल. शेजारी वीट ठेवून तिच्यावर स्क्रू-ड्रायव्हर असा टेकवा की त्याचं टोक रिमच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटरवर राहील. आता चाक हाताने सावकाश फिरवा आणि टोक व रिम यांच्यातली फट बघत राहा. एका जागी फट भरून येते आणि समोरच्या बाजूला दुप्पट होते, असं दिसलं तर रिम वाकलेली आहे. एक-दीड मिलिमीटरच्या वरचा फरक हायवेवर हाताला जाणवतो. मग तेच टायरच्या पृष्ठावर करा.

रिम वाकते खड्ड्यात. पत्र्याची रिम दबते आणि ठोकून, मशीनवर सरळ होते. ॲलॉयची रिमही सरळ करून देणारे आहेत, पण तिला चीर गेली असेल तर वेल्डिंग करून पुढच्या चाकावर वापरणं मला धोक्याचं वाटतं. फार तर स्टेपनीला ठेवावी. खरं तर तीही नको.

टायरचे दोष जास्त कपटी. गाडी महिना-दोन महिने एकाच जागी उभी राहिली तर टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो. असा टायर चालून गरम झाला की बहुधा पंधरा-वीस किलोमीटरमध्ये पूर्ववत होतो. नाही झाला तर चपटेपणा कायमचा. जोराचा ब्रेक लागून चाक घासत गेलं तरी एका जागी रबर झिजून चपटं होतं, आणि ते कधीच भरून येत नाही. शॉकअप गेलेल्या गाडीत चाक रस्त्यावर उड्या मारत चालतं आणि टायरवर वाट्यांसारखे खोलगे पडतात. डोळ्याला दिसत नाहीत, पण तळवा टायरवरून फिरवला की लगेच समजतात.

सगळ्यात वाईट दोष म्हणजे टायरच्या आतल्या तारांचा पट्टा रबरापासून सुटणं. याची खूण वेगळी आहे. ही थरथर ऐंशीची वाट बघत नाही. ताशी वीस-तीसलाच स्टिअरिंग सावकाश डावी-उजवीकडे झुलतं, गाडी लंगडल्यासारखी चालते, आणि दिवसागणिक ते वाढत जातं. अशा टायरला दुरुस्ती नाही, बॅलन्सिंगही नाही. तो उतरवायचा. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर शिल्लक आहे म्हणून टायर तरुण आहे असं नसतं. घरासमोर उभ्या असलेल्या गाडीचे टायरही म्हातारे होतात.

राहिलं चाकाचं हबवर बसणं. बाहेरून हौसेने ॲलॉय बसवले असतील तर हे आधी तपासा. हबच्या मध्यभागी गोल उंचवटा असतो आणि रिमचं मधलं भोक त्याच्यावर नेमकं बसायला हवं. समजा उंचवटा ५४ मिलिमीटरचा आणि बाजारातल्या रिमचं भोक ७३ चं. सगळ्या बाजूंनी साडेनऊ मिलिमीटरची फट. मग चाक मध्यावर धरून ठेवण्याचं काम एकट्या नटांवर येतं आणि ते त्यांना काटेकोर जमेलच असं नाही. मशीनवर शून्य दाखवणारं चाक गाडीवर चढलं की थरथरतं ते यामुळे. ही फट भरणारी कडी मिळते, किंमत मामुली, पण ॲलॉय विकताना तिची आठवण फार थोड्यांना होते.

नटांचंही तसंच. एका बाजूने क्रमाने आवळत गेलं तर चाक तिरकं बसतं. समोरासमोरचे नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. अनेक लहान-मध्यम गाड्यांना १०० ते १२० न्यूटन मीटरच्या आसपास आवळणं पुरतं. नेमका आकडा गाडीबरोबरच्या पुस्तिकेत असतो. ४० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला पंचवीस किलोचा जोर लावला की साधारण १०० न्यूटन मीटर होतात. पान्यावर उभं राहून उड्या मारायची गरज नसते.

८. फक्त ब्रेक दाबल्यावर

थरथर ब्रेकबरोबर येत असेल आणि पेडलही पायाखाली धडधडत असेल, तर टायर सोडा आणि पुढच्या डिस्क बघा. गॅरेजमध्ये म्हणतात, “डिस्क वाकली.” बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी एका जागी कमी, एका जागी जास्त झालेली असते. पॅड जाड जागी जास्त पकडतो, पातळ जागी कमी, आणि ब्रेकचा जोर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला चढतो-उतरतो. यासाठी लागणारा फरक एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका असला तरी पुरतो. डोळ्याला किंवा साध्या पट्टीला तो दिसणार नाही, मायक्रोमीटर लावून डिस्कवर सात-आठ ठिकाणी मोजावं लागतं.

असं होतं कशाने? घाटात. लोणावळ्याकडून खाली उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवला की डिस्क भयंकर तापते. खालापूरच्या टोलनाक्यावर रांगेत गाडी थांबते आणि पाय ब्रेकवर तसाच दाबून ठेवलेला असतो. तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून बसतो आणि त्याचा थर तिथे चिकटतो. हेच दोन-चार वेळा झालं की डिस्कवर जाड-पातळ पट्टे तयार होतात. घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा म्हणतात त्याचं हे आणखी एक कारण. दोष आल्यावर डिस्क लेथवर घासून सारखी करता येते, मात्र डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली ती जाता कामा नये. जात असेल तर नवी जोडी, आणि पॅडही नवे. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ केल्याशिवाय नवी डिस्क बसवली तर ती तिरकी फिरते आणि काही हजार किलोमीटरमध्ये तेच दुखणं परत येतं.

९. फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर

चढावर किंवा ओव्हरटेक करताना जोर दिला की थरथर, पाय उचलला की गेली: पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ही खूण एक्सलच्या आतल्या, गिअरबॉक्सकडच्या सांध्याची. चाकाकडचा बाहेरचा सांधा झिजला तर वळताना “कट-कट” आवाज येतो, तो वेगळा. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत खाली लांब प्रॉपेलर शाफ्ट असतो. तो चाकापेक्षा तीन-चार पट जलद फिरतो. त्याचा तोल गेला किंवा क्रॉस झिजला तर सेकंदाला चौदाच्या जागी पन्नासच्या आसपास धक्के येतात. हाताला थरथर कमी आणि कानाला, सीटला घुमारा जास्त.

१०. ढिले भाग

लोअर आर्मचे बुश, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट हे भाग स्वतः चाकाबरोबर फिरत नाहीत, त्यामुळे सेकंदाला चौदा धक्के ते निर्माण करू शकत नाहीत. ते ढिले झाले की चाकातला धक्का अडत नाही, वाढून स्टिअरिंगपर्यंत येतो. त्यामुळे नव्या बुशांनी थरथर कमी होते, मालक खूश होतो, आणि काही महिन्यांनी ती परत येते, कारण मूळ दोष चाकातच राहिलेला असतो. चाक जॅकवर असतानाच बाजूने डाव्या-उजव्या हातांत धरून हलवा: खडखड आली तर टाय रॉडकडची. वर-खाली धरून हलवा: बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. बेअरिंग गेलं असेल तर थरथरीपेक्षा गुरगुर जास्त येते आणि लांब वळणावर तिचा सूर बदलतो.

यात एक अपवाद आहे आणि तो भीतिदायक आहे. जुन्या जीपला आणि जिप्सीला पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड धुरीवर असतात. एक चाक उसळलं की अख्खी धुरी कलते, जोरात फिरणारी दोन्ही चाकं कलतात, आणि फिरणारी जड वस्तू कलवली की ती आडव्या दिशेने वळू पाहते. एक उसळी दोन्ही चाकांना वळवते, ते वळणं पुढच्या उसळीला चालना देतं, आणि सांध्यांत ढिलाई असेल तर स्टिअरिंग हातातून हिसकल्यासारखं झटके घेतं. एका खड्ड्याने सुरू झालेलं हे प्रकरण वेग उतरवल्याशिवाय थांबत नाही. अमेरिकेत १९३० च्या सुमाराला सगळ्याच गाड्यांना हा रोग होता. रोल्स-रॉईसमधून जनरल मोटर्समध्ये आलेल्या मॉरिस ओली या इंजिनिअरने पुढची चाकं एकमेकांपासून सुटी करण्याचा आग्रह धरला, आणि १९३४ च्या मॉडेलपासून कॅडिलॅकसारख्या गाड्यांत तशी रचना आली. आजच्या बहुतेक कारना हा झटका माहीत नाही तो त्या बदलामुळे. अखंड धुरीच्या गाडीत मात्र ढिले भाग हाच मुख्य गुन्हेगार असू शकतो. तिथे बुश आणि टाय रॉड आधी बघावेत.

११. कधी चालवत राहू नये

नव्वदला येणारी आणि महिनोन्महिने तेवढीच राहणारी थरथर घेऊन वेग कमी ठेवत घरी जाता येतं. एका प्रवासात अचानक सुरू झालेली किंवा तासाभरात वाढत गेलेली थरथर वेगळी. तेव्हा करकचून ब्रेक न लावता हळूहळू वेग उतरवा, गाडी पूर्णपणे डावीकडे, लेनच्या बाहेर घ्या, पार्किंगचे दिवे लावा, आणि रहदारीच्या बाजूला न उतरता आधी दोन गोष्टी बघा. टायरच्या बाजूला फुगा किंवा नक्षीवर उंचवटा आला आहे का? आणि नट हाताने हलतात का? पंक्चर काढून किंवा टायर बदलून निघालेल्या गाडीत दुसरी शक्यता पहिल्यांदा तपासावी. अर्धवट आवळलेले नट पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरमध्येच सैल पडतात, म्हणून तेवढं अंतर गेल्यावर ते एकदा पुन्हा आवळून घ्यायचे असतात. फुगा दिसला तर स्टेपनी चढवा. आणि स्टेपनीच्या रिमवरचं पिवळं लेबल वाचा: बऱ्याच नव्या गाड्यांत ती इतर चार चाकांपेक्षा लहान असते आणि तिच्यावर ८० ची मर्यादा छापलेली असते.